आईनं ओळखलेलं कोकरू

मेंढीच्या लोकरीचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळातला, दौंडमधला जादूचा तंबू आठवतो. भर दुपारी तो भट्टीसारखा तापला होता. माझ्या धनगर आईच्या मांडीवर आमचं काळं कोकरू होतं. जादूगारानं नेमकं तेच मागितलं. कोकरू पेटीत ठेवून त्यानं पडदा ओढला, तर पेटीच्या जागी पिंजऱ्यात सिंह! पुन्हा पडदा फिरला, सिंह गायब, कोकरू हजर. "बाई, तुमचंच ना?" त्यानं विचारलं. आम्ही धनगर प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखतो. ते आमचं नव्हतं, हे मलाही कळलं. तरी आई मोठ्यानं म्हणाली, "व्हय, माझंच." टाळ्यांनी तंबू दणाणला. ते परकं कोकरू घेऊन बाहेर आल्यावर मी रडतच विचारलं, "आये, खोटं का बोललीस?" "त्या सिंव्हाच्या बरगड्या न्हाई दिसल्या तुला? खाल्लं आसंल बिचाऱ्यानं." तेवढ्यात मागून जादूगार धापा टाकत आला; त्याच्या काखेत आमचं कोकरू ओरडत होतं. कोकरांची अदलाबदल झाली. मी आनंदानं उड्या मारू लागले. आई मात्र कोकरू छातीशी धरून तंबूकडं बघत म्हणाली, "मंग त्येनं आज काय खाल्लं आसंल?" आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं आले, पण दुसऱ्याची भूक मला अजूनही तिच्याइतकी चटकन दिसत नाही.