मी न पाहिलेला पॉइंट

एका मंगळवारी सकाळी माझा नवरा ऑफिसला निघाला आणि सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा स्टेशनच्या जिन्यात पडला. हॉस्पिटलमधून फोन आला. मी पोहोचले तेव्हा तो गेला होता.

दोन महिन्यांनी त्याच्या संघाचा कॅप्टन आमच्या हौगांगच्या घरी आला. तो आयर्लंडचा, नवऱ्याच्याच लॅबमधला. त्यानेच नवऱ्याला त्यांच्या आयरिश खेळांत ओढलं होतं. चहाचा कप त्याने न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, "आम्हाला त्याच्यासाठी एक मॅच खेळायची आहे. कोणती खेळायची ते तू सांग. हर्लिंग की फुटबॉल?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

त्यांचा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन पळता येतं, मात्र चार पावलांत तो आपटावा लागतो किंवा पायावर टाकून पुन्हा हातात घ्यावा लागतो. हर्लिंगमध्ये हाच सगळा प्रकार लाकडी स्टिकने आणि मुठीत मावेल एवढ्या कडक चेंडूने चालतो. दोन्हीचे खांब सारखेच, इंग्रजी एच अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर पॉइंट, एक गुण.

"फुटबॉल म्हणजे शाळेत खेळलेलं सगळं थोडं थोडं," नवरा म्हणायचा. "आणि हर्लिंग म्हणजे सगळे फाउल माफ असलेली हॉकी."

त्याचा घोळ तिथेच होता. तो खडकीत हॉकी खेळत वाढलेला. स्टिक खांद्याच्या वर गेली की शिट्टी वाजणार, हे त्याच्या हाताला लहानपणापासून माहीत. चौतिसाव्या वर्षी हर्लिंग सुरू केलं तरी डोक्यावरून चेंडू आला की त्याची स्टिक कमरेपाशी अडायची. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते. हर्लिंगच्या स्टिकच्या दोन्ही बाजू चालतात. पण हा मनगट फिरवून आधी बाजू बदलायचा, तोवर समोरचा चेंडू घेऊन गेलेला असे.

"अप, अप! वर कर ना, लाह!" आमच्याच ब्लॉकमध्ये राहणारा चिनी शिक्षक ओरडायचा, सिंगापुरी सवयीने शेवटी 'लाह' लावून. तोही याच संघातला. "रेफरी तुझा पीटी सर नाही!"

फुटबॉलमध्ये मात्र तो उपयोगाचा होता. धावायचा, उडी मारून चेंडू झेलायचा, संघ त्याच्यावर विसंबायचा. तरी घरी येऊन बोलायचा ते हर्लिंगबद्दल. मी एकदा विचारलं, "अरे, जे येतं ते सोडून जे येत नाही त्याच्यामागे का लागलायस?"

"अगं, फुटबॉलमध्ये मी चांगला आहे. हर्लिंगमध्ये मी खूश आहे."

मी पुस्तकात राहणारी. विद्यापीठात इतिहासावर काम करते. मैदानावर जायचे ते त्याच्यासाठी. पण हर्लिंगला मला काम असायचं. स्टिका मोडतात, म्हणून प्रत्येकाची जादा स्टिक घेऊन कुणीतरी रेषेवर उभं राहावं लागतं, आणि मोडली की पळत जाऊन द्यावी लागते. निळी टेप कॅप्टनची, लाल शिक्षकाची, पिवळी नवऱ्याची. कुणाची केव्हा मोडेल सांगता येत नाही, त्यामुळे नजर हलवायची सोय नव्हती. चेंडू मला कधी दिसलाच नाही, इतका तो लहान आणि वेगवान. मग मी नवऱ्याकडेच बघत असे. त्याची पाठ, पळताना किंचित बाहेर पडणारा डावा पाय. चेहरा दिसत नसे, कारण हर्लिंगला हेल्मेट लागतं आणि त्यापुढे जाळी असते.

फुटबॉलला हेल्मेट नाही. तिथे त्याचा चेहरा सत्तर मीटरवरूनही ओळखू येई. चेंडू मोठा, खेळ सहज कळणारा. मला काम काहीच नसे. म्हणून मी पुस्तक न्यायचे.

तो गेला त्याच्या आधीच्या शनिवारी फुटबॉल होता. मध्येच वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला आणि सगळे शेडखाली आले. तो माझ्या शेजारी बसून केळं खात होता. मी पुस्तक उघडलं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रकरणाची तीन पानं राहिली होती. तिसऱ्या पानावर होते तेव्हा आरडाओरडा ऐकू आला. मान वर केली तर सगळे त्याच्या अंगावर पडलेले. त्याने पॉइंट मारला होता. तो बचाव फळीत खेळणारा. सहा वर्षांत दोन्ही खेळ मिळून त्याचा तो पहिलाच.

तो तिथूनच माझ्याकडे बघून ओरडला, मराठीत, "पाहिलंस?"

मी हात वर करून म्हटलं, "हो!"

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "कसा गेला ना, बरोबर मधून!" मी म्हटलं, "बरोबर मधून." खरं सांगायला माझ्याकडे तीन रात्री होत्या. मी सांगितलं नाही.

मी कॅप्टनला फुटबॉल म्हणून कळवलं. त्याला नवल वाटलं असावं. सगळ्यांना वाटलं होतं मी हर्लिंग म्हणेन.

मॅचला मी पुस्तक नेलं नाही. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत चेंडूवरची नजर काढली नाही. चांगला खेळ आहे. बघायला मला हर्लिंगपेक्षा सोपा वाटतो, कारण कोण कुणाला चेंडू देणार ते आधी कळतं आणि तसं झालं नाही की जीव वरखाली होतो. हे मला सहा वर्षांपूर्वीच कळू शकलं असतं.

मॅच संपल्यावर मी कॅप्टनला म्हटलं, "त्याने पॉइंट कुठून मारला ते मला दाखव."

तो मला उजव्या कडेला घेऊन गेला, रेषेपासून चार पावलांवर. तिथून खांब तिरपे आणि एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते. कॅप्टनने चेंडू मारला. बाहेर गेला. पुन्हा मारला, पुन्हा बाहेर. शिक्षक आला, त्याचाही बाहेर गेला.

"इथून सोपं नाही, लाह," तो म्हणाला.

कॅप्टनने तिसऱ्यांदा मारला. चेंडू खांबाला लागून परत आला.

"मी पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. "मी वाचत होते. त्याला हो म्हणाले."

मग कॅप्टनने चेंडू उचलला आणि खाली बघत म्हणाला, "कपडे बदलताना तो आम्हाला सांगत होता. पॉइंटचं कमीच. माझ्या बायकोने पाहिला, माझ्या बायकोने पाहिला, एवढंच."

त्याची स्टिक घरी दाराशी चपलांच्या कपाटाला टेकून उभी आहे. पिवळी टेप मुठीपाशी काळी पडली आहे. हर्लिंग असेल तेव्हा मी बाकीच्यांच्या स्टिका धरायला जाते. फुटबॉललाही जाते. तो पॉइंट मी पाहिलेला नाही.