ठरलंय म्हणून सांगितलं

माझी नात केंद्राच्या पोलीस दलात शिपाई आहे, हे आता गावात कोणाला नवीन राहिलेलं नाही. लागली तेव्हा पेढे वाटले, मंडळाने शाल दिली, शाळेत बोलावून भाषण करायला लावलं, आणि तिने ते चार वाक्यांत उरकलं. तेव्हा मी फार घाबरले नव्हते. तिची नेमणूक एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर होती. फोटोत तिच्या हातात बंदूक दिसायची, पण मागे कुंड्यांतला झेंडूही दिसायचा, आणि त्या झेंडूकडे बघून मला बरं वाटायचं.

मी सांगते आहे ते त्याच्या पुढचं. मागच्या थंडीत ती सुट्टीला आली होती. मी आणि माझी धाकटी जाऊ अंगणात बिरड्यासाठी वाल सोलत बसलो होतो. मोड आलेला वाल सोलणं म्हणजे दोघीतिघींचं काम, एकटीने करायला गेलं तर जेवायला संध्याकाळ व्हायची. तर ही आमच्यात येऊन बसली, थोडे दाणे सोलले आणि म्हणाली, "आजी, मी कमांडोसाठी नाव दिलंय."

मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्या दलात एक वेगळी तुकडी असते. ती जंगलात जाते, पाठीवर ओझं घेऊन कितीतरी दिवस तिथेच राहते आणि समोरासमोर लढते. आधी तिथे पुरुषच होते, आता मुलींनाही घ्यायला लागलेत. ज्याला जायचं त्याने आपण होऊन नाव द्यायचं. धावणं, दोरावर चढणं सगळं होऊन ती पास झाली होती. आता घराकडची चौकशी व्हायची आणि मग प्रशिक्षण. एखादीने कालवणाची कृती सांगावी तसं तिने हे सांगितलं.

जाऊ म्हणाली, "मंग आता गेटावर नसनार तू?"

"नाही."

"बंदूक चालवाची?"

"आता पण चालवते की, धाकटे आजी."

"ती पुठ्ठ्यावर," जाऊ म्हणाली आणि मान खाली घालून भराभर सोलत सुटली.

मी तिला विचारलं की बाई, आहेस तिथे काय वाईट आहे? पगार आहे, मान आहे, वर्षात दोनदा घरी येतेस. तिने हातातला दाणा सोलून टाकला. मग म्हणाली, "पुढे गेलेल्यांची वाट बघत फाटकावर उभं राहणं मला जमत नाही आजी. तुझ्यासारखं नाही मला बसता येत."

आता ह्याला काय म्हणायचं? मी समुद्राकाठच्या करंजाची. आमच्याकडची माणसं होडी घेऊन समुद्रात जात आणि आम्ही बायका धक्क्यावर टोपल्या घेऊन बसत असू. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय शांत बसल्यात. आतून एकही बाई बसलेली नसायची. पण हे मी तिला बोलले नाही, मी वाल सोलला.

माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, उरणच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि बाहेर निघून गेला. नको म्हणाला नाही, फक्त तिच्याशी बोलायचं सोडलं. सून दोघांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला सांगत राहिली. सुट्टी संपली तेव्हा तो पोरीला सोडायला पनवेल स्टेशनपर्यंत गेला, बॅगही त्यानेच उचलली, पण बोलला नाही तो नाहीच.

ती गेल्यावर मी सुकट आणायला करंजाला माहेरी गेले. तिथे भावाने आग्रह केला म्हणून राहिले. परत आले तर जाऊ ओट्यावर माझी वाटच बघत होती. मी आत जायच्या आधीच तिने सांगायला सुरुवात केली. मोटरसायकलवरून दोन माणसं आली होती. साधेच कपडे, पण एकाचे बूट चकचकीत. आमच्या घरात न येता आधी शेजारी, जाऊच्या दारात गेले आणि पोरीची चौकशी करायला लागले. स्वभाव कसा आहे, कोणात उठते बसते, घरात काही भांडणतंटा, बाप काय करतो, लग्न झालंय का, ठरलंय का.

जाऊ म्हणाली, "मी एका मिनटात रस्त्याला लावला त्यांना. सांगितला, पोरीचा ठरलाय."

आमच्याकडची रीत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. मुलीच्या स्थळाची चौकशी तिच्या घरी येऊन कोणी करत नाही, आधी शेजारी विचारतात. आणि मुलीला लग्न करायचं नसलं तर शेजारीणच सांगते की तिचं ठरलंय. मग आलेला माणूस चहा पिऊन जातो. त्यालाही नकार मिळाला असं होत नाही आणि मुलीलाही कोणी नावं ठेवत नाही. पोर नोकरीला लागल्यापासून तर अशी माणसं फारच यायला लागली. जमिनीचे पैसे आलेले लोक, त्यांना सरकारी नोकरीतली सून हवी. तेव्हा पोरीनेच जाऊला सांगून ठेवलं होतं की धाकटे आजी, कोणी आलं तर ठरलंय म्हण. जाऊने हे काम इतकं मनावर घेतलं की ती नुसतं ठरलंय म्हणून थांबायची नाही. साखरपुडा झाला, वैशाखात लग्न, मुलगा ओवे गावचा, तिच्या माहेरचाच, अशी ती सगळी मांडणी करायची. ह्या दोघांना तर तिने हळदीचा डीजे कुठला तेही सांगितलं होतं.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा कसली शंका आली नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पोरीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिघडलंय. तिच्या साहेबाने तिला बोलावून विचारलं होतं, तू तर लिहून दिलंस की प्रशिक्षण होईपर्यंत लग्न करणार नाही, मग घराकडून वैशाखात लग्न असं कसं कळवलं? आणि तिचं नाव बाजूला ठेवलं होतं.

"आजी, पोलिसांना कोण काय बोललं?" तिने विचारलं.

पोलीस म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर ते चकचकीत बूट आले. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. चिडली नाही. म्हणाली की हे मीच धाकट्या आजीला शिकवून ठेवलं होतं, तिला काही बोलू नका. घरच्या मोठ्या माणसाने आमच्या इथल्या, पनवेलच्या पोलीस ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगितलं पाहिजे, आणि तेही ह्या आठवड्यातच, नाहीतर तिच्या जागी दुसरीला घेतील. पुन्हा कधी संधी मिळेल ते तिलाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, तुझ्या बापाला पाठवते.

"बाबा जाणार नाहीत. बरं झालं म्हणतील," ती म्हणाली. "तू जा."

फोन ठेवला आणि माझं जे काही सुरू झालं ते सुरूच राहिलं. भात चुलीवर ठेवायचा आणि अंगणात यायचं. अंगणातून पुन्हा आत. कपाट लावायला काढायचं आणि तसंच उघडं टाकून गच्चीवर जायचं. गच्चीवरून आता शेत दिसत नाही, टॉवर दिसतात. त्यांच्या खिडक्या मोजत उभी राहायचे आणि मधेच विसरायचे. मनात एकच गोष्ट. मी काही केलं नाही तर पोर फाटकावर राहते. झेंडूच्या कुंड्यांपुढे. कोणी मला विचारणार नाही, कोणी दोष देणार नाही. नुसतं घरी बसायचं होतं. आणि नेमकं तेच मला जमेना.

एका सकाळी साडी बदलली आणि रिक्षात बसून पनवेलला गेले. ठाण्याच्या अलीकडेच उतरले. समोर भाजीवाल्या बसल्या होत्या. मी मेथी घेतली, मुळा घेतला, घासाघीस केली आणि परत घरी आले. सुनेने विचारलं, एवढ्यासाठी पनवेलला कशाला गेलात? गावात भाजी मिळत नाही का? मी म्हटलं, तिथली ताजी असते. तिने मेथी निवडायला घेतली.

जाऊला मी काहीच सांगितलं नव्हतं. पोरीने बजावलं होतं ना. पण ती काय वेडी आहे? माझं आत-बाहेर बघून तिने दुसऱ्या दिवशी मला ओट्यावर धरलंच. मग सांगावं लागलं. ती खाली बसली. पदर तोंडात धरला. मला वाटलं आता रडेल. पण तिने वर बघून विचारलं, "बाय, तुमी नाय गेल्या तर पोर घरी र्‍हाईल?"

मी विचार केला. उगीच दिलासा द्यायचा म्हणून नाही, खरंच विचार केला. पोर फाटकावर उभी आहे, आत-बाहेर जाणाऱ्यांना सलाम करते आहे, आणि तिच्या मनात रोज येतंय की माझी आजी रिक्षाने ठाण्यापर्यंत जाऊ शकली नाही. "घरी कसली राहते," मी म्हटलं. "तिथेच राहील. पण आपली राहायची नाही."

"मंग चला," जाऊ म्हणाली. "मी घातलेला घोल हाय, मी बी येते."

ठाण्यात तो बूटवाला हवालदार समोरच बसला होता. आज वर्दीत होता. जाऊला बघून त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "काकू, लग्नाची पत्रिका घेऊन आलात का?"

जाऊचा चेहरा उतरला. मी सांगायला लागले, पण तिने मला थांबवलं. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. लग्न नाही, साखरपुडा नाही, मुलगा नाही, डीजे नाही.

"मग तुम्ही मला एवढं सगळं का सांगितलंत?"

"तुमी पावने वाटलाव."

"मी तर ओळखपत्र दाखवलं होतं."

"माझे डोल्याला चस्मा नवता. आनि आजकाल पावने पन कारडा दाखवतात."

पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसायला लागले. हवालदारही हसला, पण लगेच सावरला. त्याचीही मुलगी लग्नाची असावी असं मला वाटलं, कारण त्याला आमची रीत जास्त समजावून सांगावी लागली नाही. त्याने आमच्या दोघींच्या जबाबावर सह्या घेतल्या आणि आजच वर कळवतो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, एक विचारतो. ही जंगलातली तुकडी आहे. साधी ड्युटी नाही. घरच्यांची काही हरकत नाही ना?"

मी येताना सगळं पाठ केलं होतं. लग्न ठरलेलं नाही, गैरसमज झाला, माफी असावी. हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. पंखा फिरत होता. जाऊ माझ्याकडे बघत होती. तो वाट बघत होता, आणि खरं सांगते, त्याला घाई नव्हती.

"हरकत आहे," मी म्हटलं. "मला आहे, तिच्या बापाला आहे. तिला नाही. तुम्ही तिचं लिहा."

त्याने तसंच लिहिलं.

बाहेर आल्यावर मी ठाण्याच्या पायरीवरच बसले. जाऊने पाणी आणलं. "आता कनाला बसता? मघाशी तर मोठ्या वकिलीनबायसारख्या बोलल्या," ती म्हणाली, आणि मग तीच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. येणारेजाणारे बघत होते. त्यांना वाटलं असेल, ह्यांचं कोणीतरी आत आहे.

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर मी त्याला सांगितलं. लपवायचं नव्हतंच. तो जेवत होता. त्याने जेवण थांबवलं नाही, वरही बघितलं नाही. हात धुवून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी नेलं असतं तुला. रिक्षाने कशाला गेलीस?" इतके दिवस मी घरात येरझाऱ्या घालत होते आणि हा तिथेच होता.

पुढच्या आठवड्यात पोरीचा फोन आला की यादीत नाव आलं. आधी मला सांगितलं, मग जाऊला, मग तिच्या आईला. बापाने फोन आपण होऊन मागून घेतला आणि अंगणात नेला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, सुनेने मला खिडकीतून बघूही दिलं नाही. परत आला तेव्हा फोन गरम झाला होता.

आता तिच्याकडे फोन नसतो. प्रशिक्षणाच्या जागी तो काढून घेतात आणि त्यांच्या मनाला येईल तेव्हा देतात. आम्ही काहीच विचारू शकत नाही. मी हे लिहायला बसले आहे खरी, पण एका जागी बसून लिहिलेलं नाही. एवढ्या पानांत मी कितीदा उठले, दारापर्यंत गेले, फोनला चार्जिंग आहे ना बघितलं आणि परत आले. मुलगा कामावरून दिवसातून दोनदा सुनेला फोन करतो आणि काही न विचारता ठेवून देतो. सून मला म्हणते, आई, त्यांचं पण तुमच्यासारखंच झालंय. आत्ताही फोन वाजला होता. त्याचाच होता.