मोकाशींचे शनिवार

संग्रहालयात शिरण्यापूर्वी श्रीधर मोकाशी सगळे खिसे रिकामे करायचे. पाकीट, फोन, बँकेची कार्डं, घराची किल्ली, अगदी रुमालसुद्धा. सगळं लॉकरमध्ये ठेवून ते शर्टाच्या खिशावरून एकदा हात फिरवायचे आणि मग आत जायचे, देवळाबाहेर चपला काढून जावं तसे. इथल्या संग्रहालयांत मोठी पिशवी बाहेर ठेवावी लागते, खिसे कुणी तपासत नाही. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "खिसे जड असले ना वैशाली, की डोळे हलके राहतात."

इथं परदेशात आम्ही एकाच ऑफिसात होतो. मी अकाउंट्सला, ते दोन मजले वर, रिस्क विभागात. लिफ्टमध्ये भेटले की "काय, जेवण झालं?" एवढंच मराठी आमच्यात व्हायचं. पन्नाशी उलटलेला, कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा, मुलुंडचा माणूस. चोआ चू कांग भागात एकटे राहतात, एवढंच मला ठाऊक होतं.

खरी ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. इरा तेव्हा तिसरीत होती आणि शाळेनं एका जुन्या वस्तूचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. शनिवारी सकाळी आम्ही जुरोंग ईस्टच्या घरून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, नदीकाठच्या संग्रहालयात गेलो. तिथं एका मोठ्या दालनात हजाराहून जास्त वर्षांपूर्वी बुडालेल्या जहाजातला माल मांडलेला आहे. मातीची वाडगी, शेकड्यांनी, एकावर एक रचलेली. त्यांच्यासमोर घडीच्या स्टुलावर मोकाशी बसले होते. हातात काही नाही, नुसते बघत होते.

त्यांनी इराला शेजारी बसवून घेतलं. तिनं वाडग्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "बट ऑल सेम लाह, अंकल."

"सेम? नीट बघ. ही रेघ ओढताना तो माणूस कंटाळला होता. आणि ही बघ, मध्येच वाकडी झालीय. त्याला कुणीतरी हाक मारली असणार."

"हू कॉल्ड हिम?"

"ते तू सांग. मी अजून शोधतोय."

दीड तास माझी मुलगी जागची हलली नाही. दालनावर लक्ष ठेवणाऱ्या रोहाना नावाच्या मलय बाई हसून मला म्हणाल्या, "सॅटर्डे अंकल, व्हेरी गुड टीचर." त्या तिथं नोकरीला लागल्यापासून त्यांनी मोकाशींना दर आठवड्याला बघितलं होतं. कधी हे संग्रहालय, कधी दुसरं, पण दारं उघडताना आत आणि बंद होताना बाहेर, हे ठरलेलं.

पुढे महिन्यातून एखादा शनिवार आम्ही मायलेकी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. एका भेटीत एकच कपाट, हा त्यांचा नियम. मला सगळं बघून व्हायची घाई असायची. ते म्हणायचे, "वस्तूला घाई नसते हो. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलंय." एकदा पेरानाकन, म्हणजे इथल्या जुन्या चिनी-मलय घराण्यांच्या संग्रहालयात मण्यांच्या सपाता बघत होतो. लग्नापूर्वी मुली स्वतः ओवायच्या म्हणे, मोहरीएवढे मणी. मोकाशी कितीतरी वेळ काचेवर वाकलेले होते. "एक मणी चुकला की सगळी ओळ उसवायची आणि पुन्हा ओवायची," ते म्हणाले. "बरं होतं त्यांचं. उसवता यायचं." मला ते नुसतं छान वाक्य वाटलं. तेव्हा मी त्यांना ओळखतच नव्हते.

कळलं ते वर्षभरानं. पुण्याहून माझे दीर आणि जाऊबाई यायचे होते. दिरांच्या यादीत पहिलं नाव मरिना बेच्या कॅसिनोचं. येणाऱ्या दहा पाहुण्यांपैकी आठांचं तेच असतं. आत सोडतात कसं, हे मला माहीत नव्हतं. दुपारी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर जेवताना मी सहज मोकाशींना विचारलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्यांच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, सरळ जातील. मला मात्र सोडत नाहीत. तिथं एक यादी असते, यांना आत घेऊ नका अशी. त्यात माझं नाव आहे."

"तुमचं? कुणी घातलं?"

"मीच."

मग शेजारच्या टेबलावरची माणसं उठून दुसरी येऊन बसली, तरी ते बोलत होते. शनिवारी ऑफिसचं काम आहे सांगून ते तिकडं जायचे. सकाळी जायचे, आत घड्याळ नाही, खिडकी नाही, बाहेर यायचे तेव्हा दिवस संपलेला असायचा. एका शनिवारी बायकोला, अनघाला, नवीन नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. नऊ वर्षांच्या केतकीला पोहण्याच्या क्लासवरून यांनी आणायचं ठरलं होतं. ते विसरले. फोन बंद होता. केतकी ओल्या केसांनी तलावाच्या पायऱ्यांवर चार तास बसून राहिली. तिथल्या शिक्षिकेनं घरी नेऊ का विचारलं, तर म्हणाली, बाबा येणारेत, मी गेले तर त्यांना सापडणार नाही. त्या वर्षाअखेरीस अनघा मुलीला घेऊन पुण्याला गेली.

"लोकांना वाटतं पैशाचं दुःख असतं," मोकाशी म्हणाले. "पैसे मिळतात हो पुन्हा. मी तिचे शनिवार घालवले." मग त्यांनी पुढचं सांगितलं, जे त्यांना सांगायची गरज नव्हती. "आणि त्या दोघी गेल्या, तरी मी सहा महिने जातच होतो. उलट सोपं झालं होतं. विचारायला कुणी नव्हतं. मग एके दिवशी जाऊन नाव दिलं. पण नाव देऊन शनिवार जात नाही ना. त्याला कुठेतरी नेऊन बसवावं लागतं."

त्यानंतर मी त्यांच्याशी पूर्वीसारखीच वागायचा प्रयत्न केला. जमलं नाही. इराला त्यांच्याबरोबर एकटं सोडून कॉफी आणायला जायचे, ते बंद केलं. त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वेळी मी उठायला लागले तेव्हा तेच म्हणाले, "तुम्ही बसा, कॉफी मी आणतो." आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते.

केतकी आली ती एकवीस पूर्ण झाल्यावर, चार दिवसांसाठी. बारा वर्षांत व्हिडिओ कॉलपलीकडं बापलेकीची भेट नव्हती. त्यांच्या घरी राहायचं नाही, ही तिची अट होती, म्हणून ती आमच्याकडे उतरली. मोकाशींनी महिनाभर आधी चार दिवसांची चार संग्रहालयं ठरवली होती. तिला काय आवडेल, काय नाही, यावरून त्यांनी मला भंडावून सोडलं होतं. पहिल्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे राहिले. त्यांनी बेत सांगायला सुरुवात केली, तर पोह्यांच्या बशीतून वर न बघता ती म्हणाली, "मला आधी ती जागा बघायचीये."

"कुठली?"

"तुम्ही जिथं जायचात ती."

लहानपणी ती त्यांना अरेतुरे करायची, हे त्यांनी मला सांगितलं होतं. ते 'तुम्ही' ऐकून त्यांनी नुसती मान हलवली.

आम्ही तिघं एमआरटीनं गेलो. दोघांच्या मध्ये मी बसले होते. चकचकीत मॉलमधून चालत प्रवेशापाशी पोचलो, तर मोकाशी बऱ्याच अंतरावर थांबले. "मी इथंपर्यंतच." एकवीस पूर्ण झाल्याशिवाय तिथं कुणाला घेत नाहीत; केतकी पासपोर्ट दाखवून एकटी आत गेली.

मी म्हटलं, बसू या कुठंतरी. ते बसले नाहीत. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. तासाभरानं मी म्हणाले, मी आत जाऊन बघू का? "नको," ते म्हणाले. "ती येईल तेव्हा येईल. मी इथून हललो तर तिला सापडणार नाही." आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

दीड तासानं ती आली. चेहरा रागावलेला नव्हता. गोंधळलेला होता.

"आत खूप म्हातारी माणसं आहेत," ती म्हणाली. "कुणी कुणाशी बोलत नाही. हसत पण नाही कुणी. बाबा, मला इतकी वर्षं वाटायचं की आत काहीतरी जबरदस्त असणार. आमच्यापेक्षा भारी काहीतरी." तिचा आवाज चिरकला. "तू ह्याच्यासाठी यायचास?"

मोकाशींनी सबब सांगितली नाही, सवयीचं, आजाराचं नाव घेतलं नाही. "नव्हतं गं," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा भारी काही नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं."

पुढचे दोन दिवस ती इराबरोबर शहरभर भटकली. संग्रहालयांचं नावही कुणी काढलं नाही. चौथ्या दिवशी शनिवार होता आणि तिचं विमान संध्याकाळचं. सकाळी तिनंच त्यांना फोन केला, "कुठंय ते तुझं जहाज?" मी त्यांना दालनापर्यंत सोडलं. मोकाशी उत्साहानं वाडग्यांबद्दल सांगू लागले. माती कुठली, भट्टी कुठली, सगळं एका श्वासात. केतकीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "बाबा, बोलू नकोस. नुसता बस." रोहानाबाईंनी दुसरं स्टूल आणून दिलं. मी दारातून वळून बघितलं तेव्हा दोघं शेजारी बसली होती. मोकाशी वाडग्यांकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

विमानतळावर तिनं त्यांना मिठी मारली नाही. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर मोकाशींनी मला तीनदा विचारलं, "बघू म्हणजे येईल ना हो?"

ते वर्ष त्यांना पुरलं नाही. ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी ते ऑफिसात आले नाहीत. बुधवारीही नाहीत. न कळवता सुट्टी घेणारा माणूस नव्हता तो. दुपारी मी आणि माझे यजमान चोआ चू कांगला गेलो. शेजारच्या चिनी आजीबाई म्हणाल्या, परवापासून दिवा दिसला नाही. पोलिसांनी दार उघडलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. पुण्याला फोन मीच केला. अनघाताई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "केतकीला पाठवते. मला नाही जमणार. रागावू नका."

मंडाईच्या स्मशानात आम्ही मोजून अकरा जण होतो. रोहानाबाई डोक्यावर काळा रुमाल बांधून, रजा काढून आल्या होत्या. केतकीनं सगळं नीट केलं, कुठंही डगमगली नाही, कुणासमोर रडली नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन ती परत निघाली. विमानतळावर वेळ होता म्हणून आम्ही कॉफी घेऊन बसलो. कलश तिनं मांडीवरच ठेवला होता.

"काकू, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तो परत कधी गेला होता का?"

मी 'नाही' म्हणणार होते. गेलेल्या माणसाबद्दल तेवढं म्हणायला काय हरकत होती? पण तिनं खरं मागितलं होतं, आणि मला तिच्या भेटीनंतरचा, जूनमधला एक सोमवार माहीत होता. त्या दिवशी मोकाशी माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले होते, "शनिवारी गेलो होतो. इथं नाही. तिकडं मलेशियात, डोंगरावर कॅसिनो आहे ना, तिथं माझं नाव यादीत नाही. तिकीट काढून बसमध्ये बसलो." केतकीनं त्या आठवड्यात त्यांचा फोन घेतला नव्हता. परीक्षा होती तिची, पण यांना वाटलं, संपलं. "वाटेत योंग पेंगला बस चहापाण्यासाठी थांबते. मी उतरलो आणि पुन्हा चढलोच नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, शेवटी गेला. मग संध्याकाळपर्यंत तिथल्या बाकावर बसून होतो, परतीची बस मिळेपर्यंत."

मी केतकीला हे जसंच्या तसं सांगितलं. मी त्यांच्यावर तेव्हा पूर्ण विश्वास ठेवला नव्हता, तेही सांगितलं.

ती कलशावरच्या लाल कापडाची गाठ बोटानं चाचपत होती. "बरोबर कुणी होतं?"

"नाही."

"कुणी बघितलं त्याला तिथं? काही पुरावा वगैरे?"

"काहीच नाही गं. ते म्हणाले, एवढंच."

"मग खरं आहे," ती म्हणाली. "खोटं बोलायचा ना, तेव्हा बाबा नेहमी साक्षीदार द्यायचा. मेहतांना विचार, बॉसला विचार, टॅक्सीवाल्याला फोन लाव." आणि आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग थांबेचना. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ गेले. आत जायची वेळ होऊन गेली होती. मी तिला तसं म्हणाले नाही.