वाटीभर करडीचं तेल

हे मी कुणाला बोललो नाही. पोरीलाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच लिहायला जमतंय बहुतेक.

आमची गिरजा, माझी बायको, जाऊन चार महिने झाले. घरात बोलायला कोण आहे? — मग हेच डोक्यात फिरतं.

आमचा कुत्रा होता, भुऱ्या. कळंबच्या रस्त्याचं काम चाललं होतं. सावली बघून डांबराच्या पिंपाखाली गेला अन् खाली गळलेल्यात लोळला. एका बाजूचे सगळे केस चिकटले, पाय उचलंना. डांबर सुटायला गिरजानं वाटीभर करडीचं तेल दिलं, घाण्यावरचं. म्हणाली, "हळू चोळा. बैलागत घासू नका त्याला."

मी त्याला शेतात विहिरीवर नेला. तेल चोळलं? — बोटसुद्धा बुडवलं नाही. घंटा-दोन घंटे कोण चोळत बसणार? इंजिनापाशी डिझेलचा डबा होता. फडकं भिजवलं अन् खसाखसा घासलं. केकाटला, तर गुडघ्याखाली दाबला. धुतलाही नाही नीट.

आणि तेल? — तेल मी शेंगाच्या चटणीवर घेऊन भाकरीसंगं खाल्लं. चांगलं लागलं.

घरी रिकामी वाटी दिली. "वास कसला येतोय हो?" "डांबराचा."

भुऱ्याचं अंग लाल झालं. चाटत राहिला, चाटत राहिला. खाणं सुटलं. तिसऱ्या दिवशी मेला.

गिरजा म्हणाली, माझं तेलच बाधलं त्याला. तेव्हा एक शब्द बोलायचा होता मला. बोललो? — बोललो की. म्हणालो, "जुनं असंल तेल. बघून द्यावं माणसानं."

असं म्हणालो मी. तिला.

त्यानंतर नऊ वर्षं तिनं करडीचं तेल घरात आणलं नाही. दुसरं कुत्रं पाळू दिलं नाही. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरी टाकायची तर मला सांगायची — माझ्या हाताला गुण न्हाय, तुम्ही टाका. मी टाकायचो. लाज वाटली का? पहिल्यांदा वाटली. मग सवय झाली.

दवाखान्यात शेवटी शेवटी तिनं विचारलं, "त्या मुक्या जिवाचं पाप लागंल का हो मला?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. कुणाची भीती होती मला?

म्हणालो, "न्हाय. देव माफ करंल तुला."

तिनं पडल्या पडल्याच हात जोडले.