वामनला मी माफ केलं त्याची गोष्ट

ज्या वर्षी मी माणसांना क्षमा करायचं ठरवलं, त्या वर्षी अख्ख्या पवनीत माझा अपराध करायला कोणी तयार होईना.

एकोणऐंशी-ऐंशीचा सुमार असेल. माझं शिंप्याचं दुकान होतं. कापडाच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली : ख्रिस्ती नीतिशिक्षण, टपालाने, मोफत, यशस्वी विद्यार्थ्यास सुंदर प्रमाणपत्र. आमचं घर माळकरी. धर्म बदलायचा माझा काही विचार नव्हता आणि त्यांनीही तसं काही विचारलं नाही. मला फक्त प्रमाणपत्र हवं होतं. आमच्या भिंतीवर फ्रेम केलेलं एकच प्रमाणपत्र होतं, आणि ते बायकोचं, मॅट्रिक पास झाल्याचं. पाहुणे आधी ते वाचत आणि मग माझ्याकडे पाहत. (मी नववीत तीनदा बसलो होतो. तीनदा बसल्याचं प्रमाणपत्र देत नाहीत.)

धडे येऊ लागले. एकेका धड्यात एकेक शब्द, त्याचा अर्थ आणि शेवटी प्रश्न. मशीनचा पायटा हलवत मी पाठ करायचो : पाप, पश्चात्ताप, कबुली. पापाच्या धड्यात मला पैकीच्या पैकी मिळाले.

"त्यातलं तं तुमाले पहिलेपासूनच येत होतं जी," सुमन म्हणाली. सुमन म्हणजे बायको.

चौथा धडा क्षमेचा. व्याख्या तोंडपाठ झाली. पण खाली प्रश्न होता : 'आपण कोणास क्षमा केली, ते उदाहरणासह लिहा.' आणि कंसात सूचना : 'उदाहरण खरे असावे.' इथे घोडं अडलं. क्षमा करायला आधी कोणीतरी माझं वाईट करायला हवं ना!

मी वाट पाहिली. उधारीवाली गिऱ्हाइकंसुद्धा नेमकी त्याच महिन्यात वेळेवर आली. शेजाऱ्याची बकरी दुकानात शिरून माझा माप घ्यायचा टेप अठरा इंचांपर्यंत खाऊन गेली, तेव्हा मला केवढा आनंद झाला! मी तिला तिथल्या तिथे क्षमा केली.

"बकरी नाही चालत," सुमन म्हणाली. "तिले समजलं पाहिजे ना, माफ केलं म्हून."

"मंग तुले करू का?"

"माझं काय चुकलं, सांगा बरं!"

यादी तशी तयार होती, पण रोजचं जेवण तिच्याच हातचं होतं. आणि त्या जेवणावरूनच मला वामन आठवला.

वामन म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, करडीला धानाची शेती करणारा. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्या एका लग्नात तो पंगतीत लाखोरीच्या डाळीचे वडे वाढत होता. माझ्यापर्यंत आला, आणि परात रिकामी! मी घरचा जावई, आणि वड्याविना! बोललो काही नाही. पण त्या दिवसापासून करडीला गेलो की मी फक्त वरणभात खायचो, तोही दोन घास. बाकी ताटाला हात लावायचो नाही. नऊ वर्षं मी हा राग एकनिष्ठपणे पाळला होता. याहून खरं उदाहरण कुठलं मिळणार!

दुसऱ्याच दिवशी सुमनला घेऊन एसटीने करडी गाठली. वामन अंगणात दोर वळत बसला होता. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "वामन, मी तुले माफ केलं."

"कायचं जी?"

"वड्याचं."

"कोनता वडा?"

मग मला सगळं सांगावं लागलं. ज्याला क्षमा करायची त्याला आधी त्याचा गुन्हा समजावून द्यावा लागतो, हे धड्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. वामन ऐकत राहिला. त्याच्या हातातला दोर थांबला.

"म्हंजे जवाईबापू, नऊ वर्सं तुमचं पोट चांगलं होतं?"

"पोटाले काय झालं?"

"आमाले वाटे, तुमाले पचत नाही. तुमी येनार म्हटलं की घरात तळन बंद. पोरं वड्यासाठी रडत, तरी नाही. जवाईबापूच्या नाकात वास जाईन अन् जीव तळमळन म्हून."

एवढं बोलून तो उठला आणि शेताकडे निघून गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

सुमनच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी माझ्या भावाले तुमच्या पोटाचे किती हाल सांगत होती! मले वाटे, इथलं पानी तुमाले पचत नाही जी! आता त्याचा राग निघत नाही तोवर मी पवनीले येत नाही."

मला खरंच वाईट वाटलं. वड्याचं नव्हे, त्या पोरांचं. मी धोतर वर खोचून धानाच्या बांधीत उतरलो. वामन धुऱ्यावर, शेताच्या कडेला, पाठ करून बसला होता. चिखलात मी दोनदा घसरलो, तरी त्याने मागे पाहिलं नाही.

"वामन, मले पश्चात्ताप झाला."

त्याने एक काडी उचलून मोडली.

"मी कबुली देतो. गर्व होता. मोठं पाप आहे ते, धडा पहिला."

त्याने दुसरी काडी उचलली.

"पोरांचे वडे बुडवले मी. चुकलो बाप्पा!"

तेव्हा तो वळला. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा असलेला जावई पाहून त्याला हसू आवरेना. "चला, जेवाले चला," तो म्हणाला.

"म्हंजे माफ केलं?"

"केलं ना जी! आता लिहून देऊ का?"

"दिलं तं बरं होईन," मी म्हणालो. (उदाहरण खरे असावे, अशी सूचनाच होती.)

त्याने खरंच लिहून दिलं. घरी येऊन मी चार पानी उत्तर लिहिलं, वामनची चिठ्ठी जोडली आणि टपालात टाकलं. महिन्याभराने उत्तर परत आलं. खाली लाल शाईत सुबक अक्षरांत शेरा : 'उदाहरण खरे आहे, उत्तम आहे, परंतु क्षमा आपण केलेली नसून आपल्या मेहुण्यांनी केली आहे. धडा पुन्हा करावा. मेहुण्यांना अभ्यासक्रमात भाग घ्यावयाचा असल्यास त्यांचा पत्ता कळवावा.'

पत्ता मी कळवला नाही. सुमनने कळवला.

वामनचं प्रमाणपत्र त्याच वर्षी आलं, सोनेरी काठाचं. क्षमेच्या धड्यात त्याला पैकीच्या पैकी मिळाले. खऱ्या उदाहरणासाठी त्याला माझ्यासारखं गावभर फिरावं लागलं नाही. त्याच्याकडे मी होतो.