शुद्धोदनापेक्षा माझा बंदोबस्त कडक

माझी झोप उडाली होती, आणि तीही अडीच हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या एका राजपुत्रामुळे! वेंधळेपणा सगळेच करतात हो, पण गौतम बुद्धाच्या वडिलांशी स्पर्धा करायला निघालेली बाई तुम्ही पाहिली नसेल. पाहून घ्या.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. ह्यांची नोकरी बंगळूरच्या सरकारी कारखान्यात, आमचं बिऱ्हाड मल्लेश्वरमला दोन खोल्यांत. तिथल्या मराठी मंडळात बुद्धजयंतीला मुलांना गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी पडले बी.ए. झालेली, सांगितली रंगवून! हा चक्रवर्ती होईल नाहीतर संन्यासी, हे भाकीत. मग घाबरून मुलाला महालात जपणारा शुद्धोदन. मग रस्त्यात दिसलेला म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी. आणि सिद्धार्थ घराबाहेर! टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या पाच वर्षांच्या मुकुंदाने आपली पत्र्याची मोटार शेजारच्या मुलीला देऊन टाकली आणि परसातल्या फणसाखाली मांडी घालून, डोळे मिटून बसला.

मी धावत आत गेले.

"अहो, हा जाणार!"

"कुठे?" हे पेपरामागून.

"घर सोडून!"

"जेवायला येईल परत."

असे बाप! म्हणून सगळं आईवर येतं. मी विचार केला, शुद्धोदन चुकला कुठे? बंदोबस्तात. मुलाच्या नजरेला त्या चार गोष्टी पडू द्यायच्या नाहीत, बस्स. एवढ्या शिकलेल्या बाईला हे जमू नये?

"त्याच्याकडे महाल होते. आपल्या दोन खोल्या, त्यातली एक गळते," हे म्हणाले आणि शिंकले.

आजारी! मी ह्यांना ताबडतोब कोठीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

मग घरमालकांची अज्जी. रोज दुपारी गप्पांना यायची. मी दार लावून घेतलं.

"काय गं अम्मा, दार का लावतेस?"

म्हटलं, खरं बोललेलं बरं. "अज्जी, तुम्ही फार म्हाताऱ्या आहात!"

त्यानंतर आमच्या नळाला पाणी यायचं बंद झालं.

तेवढ्यात रस्त्यावर ढोल-तमटे वाजायला लागले. पुढे माणसं नाचतायत, फुलं उधळतायत. बंगळुरात अंत्ययात्रा अशीही निघते. मी पोचेपर्यंत मुकुंदा खिडकीत!

"आई, कुणाचं लग्न?"

"हो, हो, लग्नच!"

"नवरा झोपलाय."

"दमलाय रे तो!"

त्यातच साताऱ्याहून सासूबाई आल्या. केस पांढरेशुभ्र आणि प्रवासाने खोकला. म्हणजे एकाच देहात दोन संकटं! टांग्यातून उतरल्याबरोबर मी त्यांना माझी पोपटी साडी नेसवली आणि बाजारातली होती-नव्हती तेवढी मोगऱ्याची माळ डोक्यावर गुंडाळली. पांढऱ्यावर पांढरं, काय कळतंय!

"सूनबाई, मला बोहल्यावर चढवतेस का?"

"आई, थोडे दिवस तरुण राहा ना. मुकुंदासाठी."

"आणि खोकला?"

"गळा साफ करताय, गाणार आहात, असं सांगू."

सासूबाई उठल्या, कोठीची कडी काढली आणि आपल्या लेकाला म्हणाल्या, "अरे, हिला कुणीतरी समजावा!"

आणि ह्यांनी कुणाला आणावं? भिक्खूंना! साक्षात चौथं दर्शन, चीवर नेसून, माझ्याच ओसरीवर!

मी मुकुंदाला मांडीवर गच्च धरून बसले. भिक्खू निघाले वर्ध्याकडचे, छान मराठी बोलणारे. सगळं ऐकून इतके हसले की चहा सांडला.

"ताई, दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते थांबू शकतं, आणि थांबवायची वाट आहे. भगवंतांनी एवढंच सांगितलं. कारण काय, तर तृष्णा. घट्ट धरून ठेवणं."

सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी पकड सैल केली. किंचित.

"मधला मार्ग," ते समजुतीने म्हणाले. "आणि घाबरता काय? अशोकाने तर धम्मासाठी पोटचा मुलगा लंकेला धाडला. मुलगीसुद्धा."

"मुलगीसुद्धा!" मी किंचाळलेच. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. म्हणजे पोटातलंही जाणार!

भिक्खूंनी सरळ मुकुंदालाच विचारलं, "बाळ, तुला यायचंय का माझ्याबरोबर?"

सासूबाईंचा खोकलासुद्धा थांबला. मुकुंदा हळूच मांडीवरून उतरला, त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"नको, अण्णा."

मी डोळे मिटले. जिंकले! खुद्द शुद्धोदनाला जे जमलं नाही, ते मी दोन खोल्यांत करून दाखवलं! ह्यांच्याकडे विजयी नजर टाकणार, तोच चिरंजीव अदबीने, कानडी मिसळून पुढे म्हणाले,

"आईलाच न्या ना. स्वल्प दिवस."