धुरपा जागी होती

खापरात निखारे होते. निखाऱ्यांवर मूठभर लाल मिरची. ते खापर मी माझ्या बायकोच्या नाकाखाली धरलं होतं.

माझ्या हातानं. आप्पांनी सांगितलं म्हणून.

आप्पा म्हणजे मालक. तापीकाठी त्यांचा मळा, नंदुरबारकडच्या रस्त्याला मिरचीची पथारी. पथारी म्हणजे उघडं रान. त्यावर मिरची वाळत पडलेली, नजर जाईल तिथवर लाल. मी त्यांचा सालदार, वर्षाचा बांधील गडी. माझी बायको धुरपा बायांच्या रांगेत बसून मिरचीचे देठ खुडायची.

त्या दिवशी रांगेतली एक बाई म्हणाली, "मन्हा नवरा घोरस तं कोंबडा बी आरवाले घाबरस." सगळ्या बाया हसल्या. धुरपाही हसली. हसता हसता तिची मान खाली गेली, हातातली मिरची सुटली आणि ती ढिगावर आडवी झाली. पोतं कलंडावं तशी.

"अवो माय, पडनी व ही!" कोणीतरी ओरडलं.

मुकादम पळत आला. "नाटक करी ऱ्हायनी ती," म्हणाला. त्या पथारीवर डुलकी घेणाऱ्या बाईला उठवायची एकच रीत होती. निखारा, मिरची, धूर. लोक नजर काढतात तसाच. फरक एवढाच की नजर काढताना खापर अंगावरून उतरवतात, इथे नाकाला लावायचं.

आप्पा खाटेवर बसले होते. मला हाक मारली. "तुन्ही बायको शे ना? मंग तूच धर. दुसरा कोनी धरी तं तुले वंगाळ वाटी."

मुकादम हसला. आप्पा हसले. मी धरलं.

तिच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घशात खरखर होत होती. हात हलला नाही. हात हलला नाही म्हणून आप्पा म्हणाले, "देख, किती पक्की शे. अजून धर." मी अजून धरलं.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "मी जपेल नव्हती. मले समदं आयकू ई ऱ्हायंतं. हातपायच हालत नव्हतात. तुन्हा हात बी दिसी ऱ्हायंता मले."

ती जागी होती. धूर तिनं जागेपणी खाल्ला होता. 

लग्न झाल्यापासून तिचं असंच होतं. भाकरी थापता थापता झोपायची, पीठ हातालाच. पाणी भरताना, चालताना, बोलता बोलता मध्येच. हसली की गुडघ्यातून जायची. कधी पहाटे डोळे उघडे असून हलता यायचं नाही, आणि छातीवर कोणी बसलंय असं दिसायचं. भगताकडे नेलं, त्यानं कोंबडं मागितलं. सासरच्यांनी कामचोर म्हटलं. मीही म्हटलं. दोनदा हात उचलला. लपवत नाही.

धुरानंतर ती पथारीवर हसायचीच बंद झाली. बाया विनोद करायच्या, ही दातांनी ओठ दाबून धरायची. ओठ फुटला. तरी झोप यायचीच. झोपेला काय ओठ असतात दाबायला?

आणि आप्पा? आप्पा रोज दुपारी जेवून लिंबाखाली खाटेवर झोपायचे. तेव्हा पथारीवर खोकायची बंदी. मुकादम चवड्यांवर चालायचा. "आप्पा जपेल शेतस," म्हणायचा, देवळात बोलावं तसं. त्यांची झोप म्हणजे आराम. आमची झोप म्हणजे हरामखोरी. एकाच सूर्याखाली, वीस पावलांवर.

चार दिवसांनी दुपारीच धुरपाची मान पडली. आप्पा खाटेवर घोरत होते. मुकादम खापर घेऊन माझ्याकडे आला. निखारे फुललेले. "धर," म्हणाला.

मी घेतलं. बायांनी माना खाली घातल्या. धुरपा बसल्या जागी डुलत होती. मी तिच्या शेजारून पुढे गेलो. वाटेत ढिगातून आणखी दोन मुठी मिरची घातली. लिंबाखाली गेलो आणि खापर आप्पांच्या नाकाखाली धरलं.

मोठा माणूस कसा उठतो ते मी त्या दिवशी पाहिलं. धोतर सुटलं. डोळ्यांत बोटं घालून तो गुरासारखा ओरडत होता. "कोन शे रे? कोन शे?"

"मी शे आप्पा," मी म्हणालो. "धूर कसा लागस?"

रांगेतली एक बाई फसकन हसली. मग दुसरी. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला तो सगळ्यात गोड आवाज.

मला मारलं. दोन बरगड्या मोडल्या. संध्याकाळपर्यंत आमची झोपडी मोडून बांबू रस्त्यावर फेकले. आम्ही खांडबाऱ्याला आलो. स्टेशनात मी वखारीची लाकडं गाडीत चढवायला लागलो.

दहाएक वर्षांनी मिशनच्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईनं धुरपाला तपासलं. खूप प्रश्न विचारले. हसली की पडते का, हेही विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हे बाईला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "हा आळस नाही. ढोंग नाही. आजार आहे. नार्कोलेप्सी. मेंदूला झोप आणि जाग वेगळी ठेवता येत नाही. पुरती बरी होणार नाही, पण सांभाळता येईल."

धुरपानं विचारलं, "मंग मन्ही चूक नव्हती?"

"नाही," बाई म्हणाली.

धुरपा तिथंच रडली. रडूनही ती पडायची, म्हणून मी आधी तिला धरलं.

मग डॉक्टरीणबाईनं सांगितलं तसं आम्ही राहू लागलो. चूल मी पेटवायची. भाकरी मी भाजायची. शेजारी हसले, हसू दिलं. विहिरीवर एकटं जायचं नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा तिनं ठरवून झोपायचं, मी दाराशी बसायचं. आणि काही गमतीचं सांगायचं असलं की मी आधी म्हणायचो, "बस." ती भिंतीला टेकून बसायची, मग मी सांगायचो. मान पडायची, परत वर यायची, तोवर मी थांबायचो. ती परत हसायला शिकली.

या माघात ती गेली. तापानं गेली. लोक म्हणतात, झोपेतच गेली असेल, सुटली. मी त्यांना गप्प करतो. शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होती.

मळ्यावर अजून धुरपाची गोष्ट सांगतात म्हणे, जेवणावळीत, हसण्यासाठी. आप्पांना आता जिल्ह्याच्या बोर्डात निवडून जायचंय. मी बाजारात तोंड उघडलं तसा त्यांचा पुतण्या आला. "बाबा, आप्पा म्हनतस, जुनं व्हतं, भुली जा."

मी म्हणालो, "आप्पाले सांग, मी भुलत नई. त्यालेबी भुलू देत नई."

माफी नाही. त्याला नाही, मलाही नाही. दर बाजाराला मी जाईन. मिरचीच्या ढिगांपुढे उभा राहीन. आप्पाचं नाव घेईन, त्याच्या बापाचं घेईन, गावाचं घेईन, आणि काय केलं ते सगळं सांगेन. मग माझं नाव घेईन आणि मी काय केलं तेही सांगेन. आमच्यातला एक मरेपर्यंत. तो आधी मेला तर त्याच्या तेराव्यालाही जाऊन सांगेन.